कोकणातील गाण्या-भजनाचे कार्यक्रम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुडाळात राहून मी गेली काही वर्षे दर महिन्याला सिंधुदुर्ग-रत्नागिरीतील कार्यक्रमांची एक यादी करतो आणि ती ओळखीच्या मंडळींना पाठवतो. यादी पुढे पुढे जाते आणि तिच्यामागोमाग प्रश्न परत येतात. त्यांतले जे पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या उत्तरात येत असेल तेथे तो क्रमांक दिला आहे.

१. मोबाइलवर शोधले तर काहीच सापडत नाही. मग कोकणात कार्यक्रम होतच नाहीत का?

होतात, आणि हंगामात एका रात्री एकाच तालुक्यात तीन-चार होतात. तिकीट विकणाऱ्या अ‍ॅपवर ते दिसत नाहीत, कारण त्यांतील बहुतेकांना तिकीटच नसते (प्रश्न ८ पाहावा) आणि ज्याला विकायचे काही नाही तो अ‍ॅपवर नोंद कशाला करील? हे कार्यक्रम देवस्थान, वाडीचे मंडळ, नवस फेडणारे एखादे घर किंवा रिक्षा संघटनेची वार्षिक सत्यनारायणाची पूजा यांच्या आधाराने होतात, आणि त्यांची जाहिरात तिठ्यावरचा बॅनर, वर्तमानपत्राच्या जिल्हा आवृत्तीतील दोन ओळी व व्हॉट्सॲपवरचे पोस्टर एवढ्यावर भागते. दशावतार या कोकणातील लोकनाट्याच्या हंगामात तर ‘आजचे नाट्यप्रयोग’ अशा मथळ्याखाली कोणते मंडळ आज कोणत्या गावी आहे याची यादीच रोज फिरते.

याहून खात्रीचा मार्ग म्हणजे माणूस. प्रत्येक बाजारपेठेत एखादा मंडपवाला, माइकवाला किंवा तबला-पखवाज दुरुस्त करणारा असतो, आणि पुढच्या पंधरवड्यात कोठे काय आहे हे त्याला तोंडपाठ असते, कारण त्याची कर्णे, सतरंज्या नाहीतर वाद्येच तेथे जाणार असतात. माझी निम्मी यादी एका माइकवाल्याच्या वहीतून येते, हे कबूल करण्यात मला संकोच वाटत नाही.

२. पोस्टर खरे की जुने, हे कसे ओळखावे?

हा प्रश्न मी स्वतः किंमत देऊन शिकलो आहे. एकदा एका गटावर आलेले डबलबारीचे, म्हणजे दोन बुवांच्या भजन-सामन्याचे (प्रश्न ४), पोस्टर पाहून मी रात्री साडेआठला स्कूटरवरून तीसेक किलोमीटर गेलो. देवळात पोचलो तेव्हा गाभाऱ्यात समई तेवत होती, सभामंडपात एक कुत्रे झोपले होते, आणि पायरीवर बसलेल्या आजोबांनी माझा मोबाइल हातात घेऊन, डोळ्यांजवळ नेऊन, पोस्टर नीट पाहिले. “ह्यो गेल्या वर्षाचो कागद,” ते म्हणाले. “औंदा परवाच्या दिसाक आसा.”

तेव्हापासून मी तीन गोष्टी पाहतो. पोस्टरवर वर्ष लिहिले आहे का. नसल्यास तारीख आणि वार यांचा चालू वर्षाच्या पंचांगाशी मेळ बसतो का. आणि गावाबरोबर वाडीचे नाव आहे का. वार जुळला नाही तर ते पोस्टर बहुधा मागच्या वर्षीचे असते. वाडीचा मुद्दा बाहेरच्यांना क्षुल्लक वाटतो. परंतु कोकणातील गाव डोंगराच्या दोन्ही अंगांना पसरलेला असतो, आणि चुकीच्या वाडीत गाडी लावली तर ढोलकी ऐकू येते पण रस्ता सापडत नाही.

३. वर्षातून कोणत्या महिन्यात काय ऐकायला मिळते?

इंग्रजी महिने बाजूला ठेवून तिथी धराव्यात. कारण साधे आहे : गणेश चतुर्थी २०२५ मध्ये २७ ऑगस्टला होती आणि २०२६ मध्ये, मध्ये अधिक महिना आल्यामुळे, ती १४ सप्टेंबरला आहे. गेल्या वर्षीच्या तारखेवर रेल्वेचे आरक्षण करणारे लोक दर दोन-तीन वर्षांनी फसतात ते यामुळेच.

श्रावणात सिंधुदुर्गातील देवळांत भजनी सप्ताह बसतात. वाडीवार पहारे वाटून दिलेले असतात आणि अखंड भजन चालते. पहाटे तीनच्या पहाऱ्याला चार म्हातारे आणि एक झांजवाला एवढेच असतात, आणि माझ्या मते सप्ताहातील सर्वांत चांगले गाणे त्याच वेळी होते. भाद्रपदात गौरी-गणपती : घरोघरची भजने, डबलबाऱ्या, आणि रत्नागिरी जिल्ह्यात जाखडी नाच (प्रश्न ५). मुंबईकर पाच-सात दिवसांनी परततात. परंतु काही घरांचे गणपती अकरा, सतरा, एकवीस दिवसांचेही असतात, आणि गर्दी ओसरल्यावरची ही भजने निवांत ऐकता येतात. आश्विनात नवरात्र व कोजागरी. नरक चतुर्दशीच्या पहाटे शहरांतून ‘दिवाळी पहाट’ होते.

कार्तिकात जत्रा सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर दशावतार घराबाहेर पडतो. सावंतवाडी तालुक्यातील सोनुर्लीच्या श्री देवी माउलीची लोटांगणाची जत्रा त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमारास भरते. हंगामाची चाहूल मला तेथे लागते. त्यानंतर पावसाच्या तोंडापर्यंत दशावताराला खंड नसतो. जानेवारीत शास्त्रीय संगीताचा मोठा महोत्सव रत्नागिरीत होतो (प्रश्न ७). फाल्गुनात शिमगा, आणि त्याच्या पाठोपाठ मे महिन्यापर्यंत नमन-खेळे (प्रश्न ५). मे महिन्यात चाकरमानी गावी येत असल्याने पूजा आणि त्यांच्या निमित्ताने होणारे कार्यक्रम इतके दाटतात की नावाजलेल्या भजनी बुवांना एक रात्र मोकळी मिळत नाही. जून-जुलैत मात्र काही नसते. त्या काळात शेती असते.

४. ‘डबलबारी’ म्हणजे नक्की काय? साध्या भजनापेक्षा तिच्यात वेगळे काय असते?

दोन भजनी बुवा आपापल्या साथीदारांसह समोरासमोर बसतात आणि आळीपाळीने आपली बारी सादर करतात. प्रत्येक बुवांजवळ हार्मोनियम, सोबत पखवाज, बहुधा तबला, झांज आणि मागे कोरस असतो. नमन, रूपाचा अभंग, पुढचे अभंग, गौळण आणि शेवटी गजर असा साधारण क्रम असतो. पहिल्या बारीत एक बुवा पदातून पुराणातला एखादा प्रश्न टाकतात आणि दुसऱ्या बुवांनी आपल्या बारीत त्याचे उत्तर द्यायचे असते. उत्तर आले नाही तर श्रोतेच चुळबुळ करू लागतात. तीन बुवा असले तर तिला तिरंगी सामना म्हणतात.

गजर ही ऐकण्याची गोष्ट आहे. ओळ तीच राहते, लय मात्र चढत जाते, पखवाजवादक खांद्यापासून वाजवू लागतो, आणि कोरसमधला सर्वांत लहान मुलगा उठून उभा राहतो. नवख्या श्रोत्याने निदान पहिल्या बुवांच्या गजरापर्यंत थांबावे, अशी माझी विनंती असते. अर्ध्यातून उठून गेलेल्याला डबलबारी म्हणजे नुसती खडाजंगी वाटते, आणि काही वेळा ती तशी होते हेही खरे आहे. टोमणे वैयक्तिक होऊ लागले की गाणे मागे पडते. मी यादीत बुवांची नावे देतो, शिफारस करीत नाही. तरीही कोणाला पहिल्यांदा न्यायचे असेल तर वादापेक्षा चालीसाठी ओळखले जाणारे बुवा कोण, हे आयोजकांना आधी विचारून घ्यावे.

५. शक्ती-तुरा, जाखडी, बाल्या नाच आणि नमन हे सगळे एकच ना?

पहिली तीन नावे एकाच घराण्यातली आहेत, नमन वेगळे आहे. जाखडीत शाहीर, ढोलकीवाला आणि झांजवाले मध्ये बसतात आणि पायांत घुंगरू बांधलेले नाचे त्यांच्याभोवती फेर धरतात. मुंबईत हिला बाल्या नाच म्हणतात. तिचा जो सामना होतो तो शक्ती-तुरा : शक्तीवाले, म्हणजेच कलगीवाले, शक्तीचे श्रेष्ठत्व सांगतात, तुरेवाले शिवाचे, आणि गण-गौळणीनंतर सवाल-जवाब रंगतात.

नमन शिमग्याशी जोडलेले असते. मृदंग आणि टाळांच्या साथीवर आधी देवादिकांना नमन, मग गण, गवळण, संकासुराचे सोंग आणि शेवटी वग असा त्याचा विस्तार असतो. दोन्ही प्रकार मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्यातले आहेत; मालवण-वेंगुर्ल्याकडे त्यांच्यासाठी फिरू नये. मुंबईत राहणाऱ्यांना मात्र एक सोय आहे : गणपतीच्या आधी आणि नंतर तेथील नाट्यगृहांत तिकीट लावून शक्ती-तुऱ्याचे आणि नमनाचे प्रयोग होतात.

६. दशावतार तर नाटक आहे. संगीत ऐकण्यासाठी तेथे जावे का?

अवश्य जावे, परंतु बसण्याची जागा विचारपूर्वक निवडावी. रंगमंचाच्या कडेला पायपेटी, मृदंग आणि झांज अशी तीनच वाद्ये असतात, आणि सबंध रात्र त्या तिघांच्या खांद्यावर असते. दशावताराला लिखित संहिता नसते. आख्यान ठरते, प्रसंगांचा क्रम ठरतो, आणि संवाद नट जागच्या जागी रचतात. त्यामुळे नट कोणत्या शब्दावर थांबून पदाला हात घालणार, हे पेटीवाल्याला त्याच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागते. राजा बोलता बोलता एक पाऊल पुढे टाकतो, पेटीवर स्वर आधीच आलेला असतो, आणि नट त्या स्वरावर जणू ठरल्यासारखा पद उचलतो. हे दोन हातांवरून पाहायचे असेल तर समोरच्या खुर्च्या सोडून वादकांच्या बाजूला खाली बसावे.

जत्रेतल्या प्रयोगात आधी ‘आडदशावतार’ होतो : गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती, संकासूर. नाट्यगृहातील प्रयोगात तो पुष्कळदा आटोपशीर करतात. पूर्ण ऐकायचा असेल तर जत्रा गाठावी. युद्धाच्या प्रसंगी मृदंग आणि झांज यांचा जो कल्लोळ उठतो त्याने लहान मुले दचकतात. दोन-तीन वर्षांच्या मुलाला पहिल्या रांगेत नेऊ नये. ‘ट्रिक सीन’ असे पोस्टरवर ठळक छापले असेल तर धूर आणि दिवे अधिक असतील आणि पदे कमी, असे मी धरून चालतो.

७. शास्त्रीय गायन आणि नाट्यसंगीत कोकणात कोठे ऐकायला मिळेल?

मुख्यतः रत्नागिरीत. आर्ट सर्कल या संस्थेचा संगीत महोत्सव जानेवारीत थिबा राजवाड्याच्या प्रांगणात होतो. ब्रह्मदेशाच्या पदच्युत राजासाठी १९१० च्या सुमारास बांधलेल्या या वास्तूसमोर, उघड्या आकाशाखाली, शाल गुंडाळून ऐकलेला विलंबित ख्याल मुंबईच्या वातानुकूलित सभागृहात ऐकलेल्या ख्यालाहून वेगळा लागतो, आणि तो केवळ थंडीमुळे नव्हे. रत्नागिरीच्याच खल्वायन संस्थेच्या मासिक संगीत सभाही नियमाने होतात; मोठ्या महोत्सवाची वाट पाहणाऱ्यांनी त्या चुकवू नयेत, कारण उद्या महोत्सवात बसणारे काही गायक आज तेथे दहा हातांवरून ऐकायला मिळतात. राज्य नाट्य स्पर्धेतील संगीत नाटकांची स्पर्धाही रत्नागिरीत अनेकदा झाली आहे. तिचे तिकीट नाममात्र असते.

सावंतवाडी-बांदा भागातील रसिकांना पणजी जवळ पडते. तेथील कला अकादमीचा केसरबाई केरकरांच्या नावाचा समारोह आणि इतर सभा यांची वेळापत्रके मी यादीच्या शेवटी वेगळी देतो.

८. तिकीट काढावे लागते का? फुकट असेल तर काही द्यावे का?

देवस्थानाच्या, पूजेच्या आणि नवसाच्या कार्यक्रमांना तिकीट नसते. मंडळाची वा बुवांची बिदागी आयोजक देतात. नाट्यगृहातील प्रयोगांना तिकीट असते आणि ते पुष्कळदा एखाद्या स्टेशनरीच्या किंवा औषधांच्या दुकानात मिळते. त्या दुकानाचे नाव पोस्टरच्या तळाशी बारीक अक्षरात असते. ज्या कार्यक्रमाला तिकीट नाही तेथे पद आवडल्यास बक्षीस देण्याची पद्धत आहे. ते कागदात गुंडाळून, वर आपले नाव लिहून, कार्यकर्त्याच्या हाती द्यावे. गाणे चालू असताना मंचावर चढून नोट ठेवण्याची हौस अलीकडे वाढली आहे. ती मला रुचत नाही, कारण त्याने तान तुटते.

९. पोस्टरवर ‘रात्रौ ठीक ९ वाजता’ असते. मी किती वाजता पोहोचावे?

नाट्यगृहात असेल तर नऊला. देवळात असेल तर ‘ठीक’ या शब्दाकडे दुर्लक्ष करावे : आरती, मान्यवरांचे सत्कार आणि आभार यांत पाऊण तास सहज जातो. माझी खूण वेगळी आहे. पखवाजवाला डाव्या तोंडाला लावण्यासाठी कणीक मळू लागला की चहा घेऊन येण्याइतका वेळ उरला आहे, असे समजावे. कणीक थापून तो एक-दोन थापा मारतो, मान वाकडी करून ऐकतो, थोडी कणीक नखाने काढतो, पुन्हा मारतो. त्या वेळी आपण सतरंजीवर असावे.

१०. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद करतात, असे ऐकले. मग रात्रभरचे कार्यक्रम कसे होतात?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर आणि वाद्ये वाजविण्यास मनाई आहे. बंदिस्त सभागृहाला ही अडचण येत नाही. राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही मर्यादा रात्री १२ पर्यंत वाढवू शकते, आणि ते दिवस जिल्हाधिकारी कार्यालयाकडून जाहीर होतात. याचा श्रोत्याच्या दृष्टीने अर्थ असा की उघड्या मंडपातील डबलबाऱ्या आता पुष्कळ ठिकाणी सायंकाळी सहा-सातलाच सुरू होतात. जुन्या सवयीने जेवून दहाला निघालेल्या माणसाला नुसत्या सतरंज्या गोळा होताना दिसतात.

११. जत्रेची तारीखच ठरलेली नसते. मुंबईहून रजा कशी टाकावी?

सर्वच जत्रांच्या बाबतीत असे नाही. कुणकेश्वरची यात्रा महाशिवरात्रीला असते, सोनुर्लीची पौर्णिमेशी बांधलेली असते. त्यांच्यासाठी नवे ‘कालनिर्णय’ हाती पडताच खूण करून ठेवता येते. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची गोष्ट निराळी : तिची तारीख देवीच्या कौलाने ठरते आणि ठरल्यावरच जाहीर होते. तेथे आधी अंदाज बांधू नये. तारीख जाहीर झाल्याच्या दिवशीच आरक्षण करण्याची तयारी ठेवावी, आणि ‘यंदा अमुक तारखेला’ असा निरोप कोणी छातीठोकपणे त्याआधी पाठविल्यास तो इतरांना पाठवू नये.

ज्यांना एकच फेरी शक्य आहे त्यांना मी सांगतो की एका जत्रेसाठी येऊ नये, एका आठवड्यासाठी यावे. कार्तिक-मार्गशीर्षात कुडाळ किंवा सावंतवाडीत सात दिवस राहिल्यास तीन-चार दशावतार सहज पदरात पडतात.

१२. गणपतीत कोणाच्या घरच्या भजनाला न बोलावता गेले तर चालते का?

चालते. गणपतीच्या दर्शनाला निमंत्रण लागत नाही, आणि दर्शनाला आलेल्या माणसाला “बसा, भजन आसा” असे म्हटले जातेच. चपला बाहेर काढाव्यात, दर्शन घ्यावे आणि झांज हातात दिली तर नाही म्हणू नये. ताल येत नसेल तर हळू वाजवावी. भजनानंतर येणारी उसळ किंवा करंजी नाकारणे हा मात्र यजमानाचा अपमान ठरतो.

१३. सगळे ठरलेले असताना कार्यक्रम अचानक रद्द का होतात?

अवकाळी पाऊस हे एक कारण. दुसरे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही : सुतक. भावकीत मृत्यू झाला तर त्या घरचा किंवा वाडीचा कार्यक्रम पुढे ढकलला जातो, आणि त्याचे पोस्टर निघत नाही. बातमी तोंडोतोंडीच पसरते. अशा वेळी आयोजकांना फोन करून “कार्यक्रम का रद्द केलात?” असे विचारणे बरे नव्हे. निघण्यापूर्वी, दुपारच्या सुमारास, “आज आहे ना?” एवढेच विचारावे. एखाद्या बुवांचा घसा बसल्यास ऐनवेळी दुसरे बुवा येतात. अशा बदललेल्या बारीला परत फिरू नये, कारण बदली आलेला माणूस जीव ओतून गातो, असा माझा अनुभव आहे.

१४. कार्यक्रम संपल्यावर परतीला एसटी मिळते का? बाई एकटी असेल तर?

आडगावातून मध्यरात्री एसटी मिळत नाही. जाताना रिक्षावाल्याशीच परतीचे ठरवावे आणि त्याला आत बसायला सांगावे. बहुतेक रिक्षावाले आनंदाने बसतात. देवळात बायकांची बसण्याची बाजू सहसा वेगळी असते आणि एकट्या आलेल्या बाईला तेथे कोणी एकटे बसू देत नाही, “कुठल्या तुम्ही?” पासून चौकशी सुरू होते. अडचण देवळात येत नाही, वाटेत येते, म्हणून परतीची सोय आधी करूनच निघावे. बॅटरी आणि बसायला चटई जवळ असावी.

१५. रेकॉर्डिंग केले तर चालते का?

विचारून करावे. पुष्कळ डबलबाऱ्या आयोजकच यूट्यूबवर थेट दाखवितात, मग मोबाइल वर धरून मागच्याची दृष्टी अडविण्याचे कारण उरत नाही. दशावतारात नट रंगपटात असताना फोटो काढू नयेत.

१६. आमच्या वाडीत कार्यक्रम आहे. तुमच्या यादीत कसा द्यावा?

निदान दहा दिवस आधी कळवावे, आणि त्यात तारीख, वार, वर्ष, तिथी, वाडी, जवळचा एसटी थांबा आणि गाणे प्रत्यक्ष सुरू होण्याची वेळ एवढे असावे. सत्काराची वेळ नको. बुवांची किंवा मंडळाची नावे पूर्ण लिहावीत, कारण एकाच आडनावाची दोन-तीन मंडळे असतात. वर्ष लिहिलेले नसल्यास मी कार्यक्रम यादीत घेत नाही. त्यामागचे कारण प्रश्न २ मध्ये आले आहे.